पुतळ्यांच्या माळेचे माहेर

व्हेनिस म्हटले की डोळ्यांसमोर येते ती काळी निमुळती नाव, पट्ट्यापट्ट्यांचा सदरा घातलेला नावाडी आणि नावेत एकमेकांना बिलगून बसलेले नवपरिणीत जोडपे. आमच्या पिढीच्या मनावर हे चित्र कोरले ते 1979 साली आलेल्या ‘द ग्रेट गॅम्बलर’ने. त्या चित्रपटातील अमिताभ आणि झीनत अमान यांची ती नौकासफर आम्ही तिघा मित्रांनी एकाच रांगेत बसून पाहिली होती. तेव्हा आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी होतो आणि चित्रपट संपल्यावर ‘आयुष्यात एकदा तरी तिथे जायचे’ अशी शपथही घेतली होती. ती शपथ फेडायला मात्र चार दशकांहून अधिक काळ लागला. गेल्या ऑक्टोबरात आम्ही तीन जोडपी त्या शहरी पोहोचलो, तेव्हा प्रत्येकाने साठी ओलांडलेली होती. कुणाच्या गुडघ्यांना पट्टे होते, कुणाच्या पिशवीत रक्तदाबाच्या गोळ्या होत्या आणि सर्वांच्या डब्यांत दशम्या व शेंगदाण्याची चटणी होती.

माझी कन्या व जावई नोकरीनिमित्त मिलानला असतात. त्यांच्याकडे पंधरा दिवसांच्या मुक्कामास गेलो असता मुलीनेच शनिवार-रविवारचा बेत आखून दिला. सोबत दोन मित्र. एक वाणिज्य महाविद्यालयातून निवृत्त झालेले प्राध्यापक, ज्यांना आम्ही ‘सर’ म्हणतो. दुसरे सांगलीच्या हळद बाजारातील अडत व्यापारी, ज्यांना अवघी पेठ ‘आप्पा’ म्हणून ओळखते. मी स्वतः आयुष्यभर बँकेत नोकरी केलेला. शिक्षक, व्यापारी आणि बँकवाला असे हे त्रिकूट. या तिघांपैकी दोघांच्या मनात सव्वीस वर्षांचे एक शल्य होते. त्याविषयी पुढे सांगतो.

पाण्यावरची पेठ

मिलानहून आगगाडीने सुमारे अडीच तासांत व्हेनिस येते. शेवटची काही मिनिटे गाडी चक्क समुद्राच्या खाजणावरून धावते. हा रेल्वेपूल 1846 सालचा आहे. त्यापूर्वी हजार वर्षे या शहरात नावेवाचून पाऊल टाकता येत नव्हते. स्थानकाच्या पायऱ्या उतरल्या की समोर रस्ता नाही, थेट मोठा कालवा! आमच्या सौ. क्षणभर थबकल्या आणि म्हणाल्या, “अहो, इथे रिक्षा कुठे मिळणार?” रिक्षा नाही, मोटार नाही, सायकलसुद्धा नाही. रुग्णवाहिका ती नाव, कचरागाडी ती नाव आणि किराण्याचा माल येतो तोही नावेनेच. पुढे हमाल तो माल दोनचाकी हातगाडीवर घालून पुलांच्या पायऱ्यांवरून चढवतात-उतरवतात. आप्पा बराच वेळ ते दृश्य पाहत उभे राहिले. “इथं हमाली किती पडत असेल रे?” हा त्यांचा व्हेनिसमधील पहिला प्रश्न होता.

शंभरहून अधिक लहान लहान बेटे आणि त्यांना जोडणारे चारशेच्या वर पूल असे हे शहर आहे. चिखलात लाकडी खुंट ठोकून त्यांवर दगडी चिरे बसवायचे आणि त्यांवर इमारत उभी करायची, ही येथील बांधकामाची जुनी रीत. पाण्याखालच्या चिखलात हवा पोहोचत नाही, त्यामुळे लाकूड कुजत नाही आणि शेकडो वर्षे भार पेलते. सरांनी हे समजावून सांगितल्यावर आप्पांना हरिपूरची पेवे आठवली. जमिनीखाली हवाबंद पेवात आपली हळदही अशीच वर्षानुवर्षे टिकत असे.

व्हेनिसमध्ये सार्वजनिक वाहतुकीच्या बोटीला ‘व्हापोरेत्तो’ म्हणतात. एका वेळचे तिकीट साडेनऊ युरो, तर अठ्ठेचाळीस तासांचे पस्तीस युरो. दोन दिवस राहायचे असेल तर दुसरेच घ्यावे, हा साधा हिशेब आहे. एक क्रमांकाची बोट मोठ्या कालव्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश जाते. दोन्ही काठांवरील सरदार-सावकारांचे वाडे त्या एका फेरीत पाहून होतात. संध्याकाळची उन्हे त्या वाड्यांच्या कमानींवर पडली होती, पाण्यात त्यांची थरथरती प्रतिबिंबे हलत होती. आम्हा सहाही जणांत तेव्हा कोणीही बोलले नाही. या शहराला प्रेमिकांचे शहर का म्हणतात, हे त्या अर्ध्या-पाऊण तासात मला उमगले. येथे गाड्यांचे भोंगे नाहीत. माणसाला शेजारच्या माणसाचे पाऊल ऐकू येते.

भोजनाविषयी दोन शब्द सांगणे अगत्याचे आहे, कारण परत आल्यावर सर्वप्रथम हाच प्रश्न विचारला गेला. तेथील उपाहारगृहे रात्रीच्या जेवणासाठी साधारणतः सातनंतर उघडतात आणि ऑक्टोबरच्या मध्यास सूर्यास्त साडेसहाच्या सुमारास होतो. त्यामुळे चौविहार पाळणाऱ्यांनी स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घ्यावे, हे उत्तम. आम्ही कान्नारेजिओ भागात तसेच घेतले होते. पार्मेजान हे प्रसिद्ध चीज वासराच्या जठरातील द्रव्य वापरून करतात, म्हणून ‘शाकाहारी’ असे लिहिलेले असले तरी त्याविषयी विचारून घ्यावे. रिसोत्तो हा भात पुष्कळदा मांसाच्या किंवा मासळीच्या पाण्यात शिजवतात. याउलट पोलेन्ता म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा. तो नुसता मिठाच्या पाण्यात शिजवला असेल तर आपल्या माणसाला चालण्यासारखा आहे. चौकाचौकांतील सार्वजनिक नळांचे पाणी पिण्यायोग्य असते, त्यामुळे बाटल्या विकत घ्याव्या लागत नाहीत.

काचेआडची पुतळी

शनिवारी सकाळी आम्ही सान मार्को चौकात गेलो. भगिनीवर्गाने कबुतरांसाठी पिशवीत मूठभर ज्वारी आणली होती. परंतु येथे कबुतरांना दाणे घालण्यास 2008 सालापासून बंदी आहे. त्यांची विष्ठा व चोची यांमुळे संगमरवराची झीज होते, असे कारण सांगतात. ज्वारी तशीच परत पिशवीत गेली. वहिनींना त्याची चुटपुट दिवसभर लागून राहिली.

चौकातील उंच घंटाघराची कथा सरांनी सांगितली. 14 जुलै 1902 रोजी हा मनोरा एकाएकी कोसळला. माणूस एकही दगावला नाही, मेली ती पहारेकऱ्याची मांजर. तो पुन्हा बांधायचे ठरले, तेव्हा नगरसभेने एक घोषवाक्य स्वीकारले: ‘होता तसा, होता तेथे’. त्याप्रमाणे 1912 साली तो पुन्हा उभा राहिला. माहिती नसेल तर तो दहा वर्षे तेथे नव्हता, हे कोणाच्या लक्षातही येणार नाही.

चौकाच्या टोकाला कोर्रेर संग्रहालय आहे. त्यातील नाण्यांचे दालन पाहण्याचा आग्रह माझा होता. व्हेनिसने 1284 साली डुकाट नावाचे सोन्याचे नाणे पाडले. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम आणि सोने जवळजवळ शुद्ध. राज्य 1797 साली नेपोलियनने बुडवीपर्यंत, म्हणजे पाचशे वर्षे, या नाण्याचा कस व्हेनिसने कमी होऊ दिला नाही. बँकेत रुपयाच्या घसरणीचे आलेख पाहण्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्याला ही गोष्ट एखाद्या चमत्काराहून कमी वाटत नाही. मलबारची मिरी, सुंठ आणि इतर मसाले अरब व्यापाऱ्यांमार्फत अलेक्झांड्रियापर्यंत येत. तेथून व्हेनिसची गलबते ते उचलीत. त्या मालाचे मोल म्हणून हे सोने पूर्वेकडे वाहत गेले आणि हिंदुस्थानात पोहोचले.

नाण्याच्या एका बाजूस संत मार्कपुढे गुडघे टेकून बसलेला राज्यप्रमुख आहे आणि दुसऱ्या बाजूस ताऱ्यांच्या वर्तुळात उभा येशू. आम्ही काचेवर वाकून पाहत होतो. इतक्यात आप्पांच्या सौभाग्यवती, आमच्या वहिनी, हलक्या आवाजात म्हणाल्या, “अहो, या तर पुतळ्या!”

वाचकहो, त्यांचे म्हणणे शब्दशः खरे होते. नाण्यावर माणसांच्या आकृत्या, म्हणून आपल्याकडे व्हेनिसच्या या मोहरेला ‘पुतळी’ हे नाव पडले. या पुतळ्या ओवून आपल्या स्त्रिया गळ्यात घालू लागल्या, तीच पुतळ्यांची माळ. मूळ नाणी दुर्मिळ झाल्यावर आपल्या सोनारांनी त्याच धर्तीच्या पुतळ्या पाडल्या, त्यांवर आपले देव आणले. दागिना आपलाच झाला. आपल्या आज्यांच्या गळ्यातील त्या माळेचे मूळ गाव आज आपण पाहत आहोत, हे कळल्यावर आमच्या सौ. हरखून गेल्या. सरांनी तर तेथल्या तेथे एक छोटेखानी व्याख्यानच दिले.

वहिनी मात्र काचेवरून नजर न काढता म्हणाल्या, “माझ्या सासूबाईंच्या माळेत अशा चौतीस होत्या.”

“होत्या?” सरांच्या सौभाग्यवतींनी सहज विचारले. वहिनींनी उत्तर दिले नाही. आप्पा पुढच्या काचेकडे सरकले. मी खाली पाहिले, कारण ‘होत्या’ या शब्दाचा अर्थ त्या दालनात त्या दोघांखेरीज मला एकट्यालाच ठाऊक होता.

रियाल्तोच्या काठी

दुपारी गोंडोलाची वेळ आली. शपथ तर फेडायलाच हवी होती. अधिकृत दर दिवसा अर्ध्या तासाला नव्वद युरो आणि एका नावेत जास्तीत जास्त पाच माणसे. आम्ही सहा. दोन नावा करायच्या तर एकशे ऐंशी युरो. आप्पा काठावरच थांबले आणि म्हणाले, “तिघीजणी आणि सर जाऊ द्यात. मी बसतो इथं.” मी म्हणालो, “मग मीही बसतो.” अशा रीतीने त्या प्रणयरम्य नगरीत आम्ही दोघा नवऱ्यांनी आपापल्या अर्धांगिनींना प्राध्यापकांच्या हवाली करून नावेत बसवले आणि रियाल्तो पुलाकडे चालू लागलो.

रियाल्तो म्हणजे जुन्या व्हेनिसची मुख्य बाजारपेठ. एकाच कमानीचा तो देखणा दगडी पूल 1588 ते 1591 या काळात बांधला गेला आणि त्याच्या माथ्यावर दोन्ही बाजूंना दुकाने आहेत. पलीकडच्या गल्ल्यांची नावे अजून जुनीच आहेत. एक सोनारांची गल्ली, तर एक मसालेवाल्यांची. त्या दुसऱ्या गल्लीच्या पाटीखाली उभे राहून हळदीच्या व्यापाऱ्याने छायाचित्र काढून घेतले नसते तरच नवल.

पुलाच्या पायथ्याशी सान जाकोमोचे लहानसे जुने चर्च आहे. त्याच्या बाहेरील भिंतीवर एक प्राचीन शिलालेख आहे. त्याचा भावार्थ असा की, या मंदिराच्या परिसरात व्यापाऱ्याचा न्याय समतोल असो, वजने खरी असोत आणि करारात कपट नसो. याच चर्चसमोरच्या चौकात पूर्वी पेढीवाले लाकडी मेज मांडून बसत. मेज म्हणजे ‘बांको’. तोच आपला ‘बँक’ शब्द. देणेकरी आणि घेणेकरी दोघे समोर येत, तोंडी सांगत आणि पेढीवाला वहीत एकाच्या नावे आणि दुसऱ्याच्या जमा मांडी. नाणे जागचे हलत नसे. अशा पेढ्या पुढे बुडू लागल्या, तेव्हा राज्यानेच 1587 साली सार्वजनिक पेढी काढली. 1619 मध्ये ‘बांको जीरो’ निघाली. चौकाच्या कडेच्या कमानींखाली ते नाव आजही वाचायला मिळते. पेढी बुडणे म्हणजे ‘बांका रोत्ता’, अर्थात मोडलेले मेज. त्यावरूनच इंग्रजीतील दिवाळखोरीचा शब्द आला. आपल्याकडे बुडालेला व्यापारी भरदिवसा दारात दिवा लावी, म्हणून ‘दिवाळे’, अशी जुनी समजूत आहे. तिकडे मेज मोडते, इकडे दिवा लागतो, पण दोन्हीकडे बातमी चारचौघांत जाहीर होते.

आणि जाहीर करण्याची जागाही येथेच आहे. चर्चच्या समोर दगडी पायऱ्या खांद्यावर पेलणारा एक वाकलेला दगडी माणूस आहे, त्याला ‘गोब्बो’, म्हणजे कुबडा, म्हणतात. 1541 सालचा हा पुतळा. त्याच्या जवळच्या चौथऱ्यावरून राज्याचे हुकूम आणि गुन्हेगारांची नावे वाचून दाखवली जात.

आम्ही त्याच्याजवळच टेकलो. ही माहिती मी आप्पांना सांगितली. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “म्हणजे तुमच्या नोटिशीचा पूर्वज हाच म्हण की.”

सव्वीस वर्षांत हा विषय आमच्यात प्रथमच निघाला होता.

हकिकत अशी. आप्पांच्या मेहुण्याने इचलकरंजीत यंत्रमाग टाकण्यासाठी आमच्या शाखेतून कर्ज घेतले. आप्पा जामीनदार राहिले. धंदा बसला, हप्ते थकले. 1998 साली त्या शाखेचा व्यवस्थापक मी होतो. भारतीय करार कायदा, 1872, कलम 128 अन्वये जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. हे कलम मी कितीतरी जणांना पाठ म्हणून दाखवले होते. व्याजासह रक्कम तीन लाख चाळीस हजार. माझ्या सहीने जामीनदारास नोटीस गेली, रजिस्टर्ड पोस्टाने. तीन दिवसांनी पोचपावती माझ्या टेबलावर आली. तिच्यावर आप्पांची सही होती. महिन्याच्या आत सर्व रक्कम भरली गेली, एका पैशाचीही सूट न मागता. त्यानंतर सात वर्षे आप्पा माझ्या घरी आले नाहीत. पुढे सरांच्या मुलीच्या लग्नात भेट झाली, बोलणे सुरू झाले. पण ते हवापाण्याचे आणि भावाचे बोलणे होते. शेक्सपिअरने ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये मित्राच्या कर्जापायी स्वतःला बांधून घेणारा अँटोनिओ याच शहरात उभा केला. आमच्या कथेत मात्र माझे स्थान अँटोनिओचे नव्हते, हे मला पुरते ठाऊक होते.

मी म्हणालो, “आप्पा, नोटीस पाठवणं माझं कर्तव्य होतं.”

“अरे, कर्तव्याचं कोण म्हणतंय?” आप्पा शांतपणे म्हणाले. “मीही व्यापारी आहे. सही केली की देणं आलं. पण नोटीस आली दुकानात. सौद्याची वेळ होती. चार गावचे शेतकरी बसलेले, शेजारचे दोन अडते बसलेले. मी फोनवर होतो, मुनीमजींनी पाकीट फोडलं आणि त्यांचा चेहरा सगळ्यांनी वाचला. आमच्या धंद्यात भांडवल कमी असलं तरी चालतं, पत कमी असून चालत नाही. तुझं घर माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर. आदल्या संध्याकाळी येऊन ‘उद्या अशी नोटीस येणार’ एवढं सांगितलं असतंस, तर सकाळी दहाला मीच बँकेत आलो असतो.”

यावर माझ्याजवळ एक तयार उत्तर होते. व्यवस्थापकाने कर्जप्रकरणात मित्राच्या घरी जाणे योग्य नव्हे, पक्षपाताचा संशय येतो. ही वर्षे मी स्वतःला हेच सांगत आलो होतो. पण त्या कुबड्या दगडी माणसाशेजारी बसून ते उत्तर ओठांवर येईना. खरे कारण वेगळे होते. नियमाने नोटीस पाठवायला सांगितले होते. मित्राला आधी भेटू नये, असे कोणत्याही परिपत्रकात लिहिलेले नव्हते. मला त्याच्या डोळ्यांत पाहण्याचा धीर झाला नाही आणि मी पोस्टमनला पुढे केले.

मी तसेच सांगितले. “आप्पा, मी भ्यालो होतो.”

आप्पांनी माझ्याकडे पाहिले. समोरून भाजीची एक रिकामी नाव जात होती. ती दिसेनाशी होईपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “भ्यालो तर मीही होतो. जामीन राहिलो हे मी हिला सांगितलंच नव्हतं. भावासाठी केलं म्हणून ती कधी नाही म्हणाली नसती. पण सांगितलं नाही. तिला कळलं ते माळ मागायला गेलो तेव्हा. तू मला पोस्टानं कळवलंस, मी तिला सराफाच्या दारात कळवलं. तुझ्यावर राग धरणं सोपं होतं, म्हणून धरला.”

जमा आणि नावे या दोन बाजूंचे शास्त्र लुका पाचोली या फ्रान्सिस्कन साधूने 1494 साली याच शहरात छापलेल्या आपल्या गणिताच्या ग्रंथात प्रथम सविस्तर मांडले. तरुणपणी तो येथील एका व्यापाऱ्याच्या मुलांना शिकवीत असे. व्यापाऱ्याने तीन वह्या ठेवाव्यात, असे तो सांगतो. पहिली कच्ची टिपणवही, दुसरी रोजकीर्द, तिसरी खतावणी. वहीच्या आरंभी देवाचे स्मरण म्हणून खूण करावी, असेही सांगतो, जसे आपण ‘श्री’ घालतो. एम.कॉम.च्या परीक्षेत मी यावर पानेच्या पाने लिहिली होती. परंतु एकाच व्यवहाराच्या दोन बाजू असतात, हे त्या दुपारी मला जितके स्पष्ट समजले, तितके परीक्षेत समजले नव्हते.

नाव परत आली. तिघीजणी हसत होत्या. सरांनी सांगितले, की नावाड्याला गाणे म्हणायला सांगितले तर त्याने त्याचे वेगळे पैसे पडतील म्हणून खुणावले, तेव्हा या तिघींनीच गायला सुरुवात केली. आम्ही दोघांनी नव्वद युरो निमूटपणे मोजून दिले.

रविवार

रविवारी सकाळी पुलाजवळच्या एका औषधाच्या दुकानाच्या काचेत आम्हाला एक आकडा दिसला. तो शहराच्या रहिवाशांची संख्या दाखवतो. 1951 साली या बेटांवर सुमारे पावणेदोन लाख लोक राहत होते. 2022 मध्ये ती संख्या पन्नास हजारांच्या खाली गेली. घरे पाहुण्यांसाठी भाड्याने जातात, नातवंडे मुख्य भूमीवर राहायला जातात. दुकाने आहेत, पण किराणा-भुसाराची कमी आणि मुखवट्यांची व काचमण्यांची जास्त. आम्ही तिघेही त्या आकड्यासमोर बराच वेळ उभे राहिलो. कारण आपल्या पेठांतूनही वरच्या मजल्यावरची घरे अशीच कुलूपबंद होत आहेत. फरक इतकाच, की आपल्याकडे कोणी काचेत आकडा लावत नाही.

शहराला पाण्याचेही भय आहे. 4 नोव्हेंबर 1966 रोजी भरतीचे पाणी 194 सेंटिमीटर चढले होते आणि 12 नोव्हेंबर 2019 रोजी 187. आता समुद्राच्या तीन मुखांवर 78 पोलादी दरवाजे बसवले आहेत. एरवी ते तळाशी निजलेले असतात. मोठी भरती येणार असे दिसले, की त्यांत हवा भरून त्यांना उभे करतात. 3 ऑक्टोबर 2020 रोजी प्रथमच खऱ्या भरतीत ते उभे राहिले आणि सान मार्को चौक कोरडा राहिला. सांगलीकरांना याचे महत्त्व निराळे सांगायला नको. 2005 आणि 2019 चा कृष्णेचा पूर आम्ही तिघांनी पाहिलेला आहे.

निघण्यापूर्वी आम्ही पुन्हा एकदा घंटाघरापाशी गेलो. मी वर पाहत असताना आप्पा शेजारी येऊन उभे राहिले. “होता तसा, होता तिथं,” ते पुटपुटले. मग म्हणाले, “तसा होणं काही खरं नाही बघ. विटा तर नव्याच आल्या असणार. पण तिथंच उभा केला, हे बरं केलं.”

परतीच्या गाडीत आप्पांनी खिशातील डायरी काढली. पहिल्या पानावर ‘श्री’, खाली तीन रकाने. घरभाडे, बोटीची तिकिटे, संग्रहालय, पोलेन्ता, गोंडोला. सारे तीन ठिकाणी वाटून प्रत्येकाच्या नावे किती व जमा किती ते त्यांनी वाचून दाखवले. माझ्याकडे त्यांचे अकरा युरो निघत होते. मी पाकीट काढले. एरवी ‘राहू दे’ म्हणणाऱ्या आप्पांनी ते अकरा युरो मोजून घेतले आणि नावापुढे बरोबरची खूण केली. मला त्याचे फार बरे वाटले.

या मासिकाचे बहुतेक वाचक व्यापारी कुटुंबांतील आहेत. आपल्यापैकी अनेकांनी नात्यापोटी कोणाच्या तरी कागदावर जामीनदार म्हणून सही केली असेल, कोणी उद्या करील. जामीन राहू नका, असे मी म्हणणार नाही. एकमेकांच्या शब्दावरच आपल्या पेढ्या उभ्या राहिल्या आहेत. परंतु सही करण्यापूर्वी घरच्या लक्ष्मीला अवश्य सांगा आणि ती रक्कम स्वतःच्या खतावणीत देणे म्हणून मांडून मगच झोपा. तसेच ज्यांच्या हाती नोटीस पाठवण्याची लेखणी आहे, त्यांनी ती जरूर पाठवावी. मात्र ती पोहोचण्यापूर्वी, शक्य असेल तर, आपण स्वतः एकदा दारापर्यंत जावे. दोन गल्ल्यांचे अंतर मी चाललो नाही आणि त्यासाठी मला व्हेनिसपर्यंत जावे लागले.

मिलान जवळ आले तेव्हा वहिनी माझ्या समोरच्या आसनावर येऊन बसल्या. आम्हा दोघांचे काय बोलणे झाले ते आप्पांनी त्यांना आदल्या रात्रीच सांगितले असावे. त्या विषयावर त्या काही बोलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, “भावजी, काल त्या काचेतल्या पुतळीचा फोटो तुम्ही काढलात ना? तेवढा मला पाठवा. सुनेला दाखवायचा आहे.”

मी लगेच पाठवला. त्यांनी चष्मा लावून तो मोठा करून पाहिला आणि फोन मिटून मांडीवर ठेवला.

“माळ गेली ती गेली,” त्या म्हणाल्या. “तिचं माहेर तरी पाहिलं.”